ठेका कुणाच्या हातात?

(चंद्रपूर येथे युवकांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



मला विषय दिलाय 'लघुपटांचं संगीत'. विषय पुकारला तेव्हा मागच्या ओळीतले दोघंतिघं हसले. मी पाहिलं. हसणं रास्त आहे. शिष्यवृत्त्या अडकल्यात, भरती बंद आहे, खाणीत जमिनी गेल्यात आणि हा बुवा पेटी वाजवायला शिकवणार काय? तर ऐका. मी पेटीवाला नाही. मी मॅट्रिक. ब्रह्मपुरी तालुक्यातला. पोट मुंबईच्या डॉकात. ठेकेदाराकडे हमाली करतो, कविता लिहितो आणि मित्रांच्या दोन लघुपटांना मी संगीत दिलंय. एक १४ मिनिटांचा, दुसरा २२ मिनिटांचा. संगीताचं कुठलं सर्टिफिकेट माझ्याकडे नाही. जे हातानं केलं आणि कानानं ऐकलं तेवढंच सांगतो.

आज तुमच्यातल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तुम्ही सिनेमे काढताय. वस्तीवर काढताय, वसतिगृहावर काढताय, नालीत उतरणाऱ्या बापावर काढताय. चांगली गोष्ट आहे. चित्र आपलं, माणसं आपली, भाषा आपली. आणि सगळं झाल्यावर तुम्ही काय करता? इंटरनेटवरून एक फुकटचं रडकं व्हायोलिन उतरवता आणि बापाच्या तोंडावर ओतता. खेळ तिथंच संपला, दोस्तहो. चित्र तुमचं, पण त्या चित्राकडे कसं बघायचं याचा हुकूम दुसऱ्याचा.

पार्श्वसंगीत म्हणजे हुकूम असतो. खोटं वाटतं? एक चित्र डोळ्यापुढे आणा. मे महिना, एटापल्लीकडचं जंगल, एक बाई तेंदूपत्ता तोडतेय. या चित्रावर बासरी लावा. बाई निसर्गकन्या झाली. तिला घाम येत नाही, तिचे पाय भाजत नाहीत. बासरी काढून व्हायोलिन लावा. बाई बिचारी झाली, बघणारा हळहळला, घरी जाऊन जेवला. व्हायोलिन काढून खालच्या सुरात ढम्‌ ढम्‌ लावा. आता झाडामागं बंदूक आहे असं वाटायला लागलं. बाई तीच, पान तेच, ऊन तेच. बदललं काय? वाजवणारा.

आता सगळं काढून टाका. पान देठातून तुटताना होतो तो बारीक आवाज ठेवा. संध्याकाळी फडीवर पुडे मोजताना जी मोजणी चालते ती ठेवा. सत्तर पानांचा एक पुडा. सत्तरपर्यंतची ती मोजणी, बोटं किती वेगानं चालतात, कुठं दम लागतो, कुठं पान फाटकं म्हणून बाजूला पडतं. माझ्या १४ मिनिटांच्या फिल्मला मी दुसरं काही दिलं नाही. फक्त ती मोजणी घेतली, तिच्या खाली एका ढोलाचे मोजके ठोके ठेवले आणि पुडा नापास होतो तिथं ढोल थांबवला. बघणाऱ्याला दया करायला जागाच ठेवली नाही. त्याला हिशोब करायला लावला.

सिनेमावाल्यांच्या डोक्यात आपल्या आवाजाचं एक कोष्टक ठरलेलं आहे. जंगल दिसलं की बासरी. आदिवासी दिसला की हुंबा हुंबा. दलित वस्ती दिसली की हलगी. मुंबईत एका दिग्दर्शकानं मला बोलावलं होतं. गडचिरोलीवर लघुपट करत होता. म्हणाला, जरा ट्रायबल टाक ना. मी विचारलं, कुठलं? माडियाचं? गोंडाचं? कोलामाचं? की परधानाच्या किंगरीचं? तो म्हणाला, अरे यार, जंगलवालं. ते काम मला मिळालं नाही. त्यानं नंतर गडचिरोलीतल्याच चार ढोलवाल्यांना एका दुपारी बसवलं, चहा-नाश्त्यावर वाजवून घेतलं आणि शेवटच्या पाटीवर लिहिलं 'स्थानिक कलावंत'. चार माणसं, चार नावं, चार आयुष्यं. पाटीवर दोन शब्द.

आणि हे जंगलवालं म्हणजे नेमकं काय वाजतं हो? बासरीवाल्यांनी कधी कान लावलाय? या शहराच्या वेशीवर २९२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, त्याची घरघर रात्री ऐका. घुग्घुसकडच्या, दुर्गापूरकडच्या गावात जा. दुपारी खाणीत ब्लास्टिंग होतं आणि फळीवरची भांडी वाजतात. सूरजागडच्या रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक ऐका. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम एकत्र येतात. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की गावं तुटायची. तो पाण्याचा आवाज तिथल्या बाळंतिणीला विचारा, त्याला कुणी निसर्गसंगीत म्हणतं काय! माझा दुसरा लघुपट खाणीत गेलेल्या एका घरावर होता. त्यात मी सुरुवातीपासून भांडी वाजवली. आधी एक पितळी गिलास, मग गंज, मग परात. घर रिकामं होत जातं तशी एकेक भांडी कमी केली. शेवटी ब्लास्टिंग होतं आणि वाजायला घरात काही उरत नाही. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. गावच्या फळीनं शिकवलं.

१९७७ साली 'जैत रे जैत' आला. जब्बार पटेलांचा. कर्नाळ्याच्या बाजूच्या ठाकरांची गोष्ट. कादंबरी गो. नी. दांडेकरांची, गाणी ना. धों. महानोरांची, चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. त्या चाली आजही अंगावर काटा आणतात, मी डॉकात गुणगुणतो. कामाला मी नावं ठेवत नाही. पण ती सगळी नावं पुन्हा वाचा. ठाकर नाचला, ठाकर दिसला. ठाकरानं स्वतः सांगायचं राहून गेलं. आज जवळपास पन्नास वर्षांनी कॅमेरा ठाकराच्या, माडियाच्या, आपल्या पोराच्या हातात आलाय. चाल अजून यायची आहे.

ती कुठून येणार? आपल्याच घरातून. तुम्ही शहरातली पोरं झाडीपट्टीच्या नाटकाला नाक मुरडता. गावठी म्हणता. गडबडीत एक मोठी गोष्ट हातची घालवताय. दिवाळी झाली, मंडई भरली, शंकरपट लागला की वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव निघतात. रात्री दहाला पडदा वर जातो तो पहाटेपर्यंत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, चारी जिल्ह्यांत. दंडारीतून आणि खडी गंमतीतून वाढलेली ही रंगभूमी आहे. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरवाल्यांना कळलं की गडचिरोलीतही नट असतात. २०२२ साली या रंगभूमीवर 'झॉलीवूड' नावाचा सिनेमाही आला.

पण मला नटाबद्दल बोलायचं नाही. खाली बसलेल्या ऑर्गनवाल्याबद्दल बोलायचंय. त्याच्या शेजारी तबला, अलीकडे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. तालीम जेमतेम. विंगेत प्रॉम्प्टर. नट आज काय करेल, किती थांबेल, कुठं रडेल, कुणाला माहीत नाही. आणि हा माणूस रात्रभर प्रत्येक प्रवेशाखाली सूर धरतो. खलनायक आला, सूर बदलला. आई मेली, सूर खाली गेला. नट वाक्य विसरला, ऑर्गननं जागा भरून काढली. मित्रांनो, याला दुनियेत पार्श्वसंगीत म्हणतात. तेही कागदाशिवाय आणि एका दमात. आमच्या गावचा एक म्हातारा ऑर्गनवाला मला सांगायचा, "अ‍ॅक्टरच्या तोंडाकडे नको पाहू गा बाबू, पायाकडे पाह्य. पाय आधी बोलते, तोंड मांगून." लघुपटाच्या संगीताबद्दल यापेक्षा शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही. हे म्हातारे आहेत तोवर त्यांच्या बाजूला जाऊन बसा. रात्रीचं भाडं नसेल तर सायकलनं जा.

आता आपल्या बाजूचे सिनेमे. आनंद पटवर्धनांनी १९८५ साली 'हमारा शहर' केला. मुंबईच्या झोपड्या पाडण्यावर. त्यात शाहीर विलास घोगरे गातात. व्हायोलिन नाही, दया नाही, झोपडीतला माणूस स्वतःचा पवाडा स्वतः सांगतो. पुढं ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसं मेली. विलास घोगरेंनी काही दिवसांतच स्वतःला संपवलं. तिथून पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड' सुरू केला, तो २०११ साली पुरा झाला. चौदा वर्षं. त्या सिनेमात गाणं म्हणजे सजावट नाही. गाणं हाच पुरावा आहे. गाणारा मेला तरी गाणं कोर्टात उभं राहावं तसं उभं आहे.

कोर्टावरून 'कोर्ट' आठवला. चैतन्य ताम्हाणेंचा, २०१४ चा. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. एका शाहिरावर खटला चालतो, कारण काय तर म्हणे त्याचं गाणं ऐकून सफाई कामगारानं जीव दिला. शाहीर झाले आपले वीरा साथीदार, नागपूरचे, 'विद्रोही'चं संपादन केलेले. २०२१ साली करोनानं त्यांना नेलं. संगीत संभाजी भगतांचं. आणि या संभाजी भगतांनी केलं काय? गाणी स्टेजवर आणली, खुल्या आवाजात, ढोलकी-डफासकट. कोर्टाच्या खोलीत मात्र कुठला सूर तुमचा हात धरून सांगत नाही की आता वाईट वाटून घ्या. पंखा, कागद, तारीख पे तारीख. एकदा गाणं ऐकलं की कोर्टातली शांतता किती घाण वाजते ते कळतं. कुठं वाजवायचं नाही हे ठरवणं हाही संगीतकाराचाच धंदा आहे.

नागराज मंजुळेंचा 'फँड्री' सगळ्यांनी पाहिलाय. डुकराच्या मागं सगळं घर धावतंय आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो, बाप थांबतो, सगळं कुटुंब ताठ उभं. त्या प्रसंगाला दुसऱ्या कुठल्या संगीताची गरज होती काय? देशाचं गाणं आणि देशानं गावाबाहेर ठेवलेला माणूस एका चौकटीत उभे केले. लक्षात ठेवा, प्रत्येक वेळी नवीन चाल लागत नाही. असलेला आवाज कुठं ठेवायचा ते कळलं पाहिजे.

आता एक अवघड प्रश्न. जेवताना तुमच्यातल्याच एकानं मला तो विचारला. डफडं वाजवायचं की नाही?

माझ्या पणज्यानं १६ ऑक्टोबर १९५६ ला याच चंद्रपुरात बाबासाहेबांसमोर दीक्षा घेतली. घरी गेला आणि डफडं फोडून चुलीत घातलं. आपल्या लोकांनी गावकीचं वाजवणं सोडलं, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. माझा आजा म्हणतो, "वाजवणारे आपन, पन कवा वाजवाचं हे ठरवणारे ते." एवढ्या किमतीनं सोडलेलं वाद्य मी मुंबईच्या स्टुडिओत 'अस्सल दलित साउंड' म्हणून हातात घेऊ? कुठला तरी पोरगा जॅकेट घालून येतो, हलगी कडाडवतो आणि टाळ्या घेतो. टाळ्या देणारे तेच. मग फोडलं कशाला?

पण दुसरी बाजू बघा. तमिळनाडूत पराई हे मयतीचं वाद्य म्हणून ज्यांच्या गळ्यात बांधलं होतं, त्यांच्याच पोरांनी ते ताठ मानेनं उचललं. २०१८ च्या जानेवारीत चेन्नईत 'कास्टलेस कलेक्टिव्ह' स्टेजवर आलं, पा. रंजित यांच्या पुढाकारानं. कुणाच्या दारात नाही, स्वतःच्या स्टेजवर, स्वतःचे शब्द घेऊन.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. चामडं बाटत नाही, हुकूम बाटवतो. पणज्यानं फोडला तो हुकूम. वाजवणाऱ्याला खुर्ची आहे, मोबदला आहे, नाव आहे, आणि 'आज नाही वाजवत' म्हणायची मुभा आहे, तिथं डफडं वाजवा. यातलं एक जरी नसेल तर नका वाजवू. आणि ज्या म्हाताऱ्याला त्या आवाजानं अजून गावकी आठवते त्याच्या घरात तो आवाज नेऊ नका. मातंग भावांचं पोट आजही त्या वाद्यावर आहे, त्यांच्याशी बोलल्याशिवाय आपण उंटावरून शेळ्या हाकू नयेत. माडियांच्या बाबतीतही तेच. कुठला ढोल नाचाचा, कुठला पेनाचा, कुठला मयतीचा, हे आधी विचारा. गोटुलातलं रेला गाणं रेकॉर्ड करून दारूच्या पार्टीच्या दृश्यावर लावणारे महाभाग मी पाहिलेत. आपल्या देवघरात बूट घालून कुणी शिरला तर कसं वाटेल?

आता कामाचं बोलू. वह्या काढा.

पहिलं. एडिटिंग पक्कं झाल्याशिवाय चाल बांधू नका. मग फिल्म तीनदा बघा आणि कागदावर लिहा: कुठल्या मिनिटाला, कुठल्या सेकंदाला सूर येणार, कुठं जाणार, आणि का येणार. 'का'च्या पुढं उत्तर नसेल तर ती जागा कोरी सोडा. १४ मिनिटांच्या फिल्ममध्ये माझं संगीत पुरतं ४ मिनिटंही नव्हतं.

दुसरं. एडिटिंग करणारा कामचलाऊ म्हणून एखाद्या इंग्रजी सिनेमाचं संगीत लावून ठेवतो. पंधरा दिवस तेच ऐकून दिग्दर्शकाचा कान बाटतो, मग म्हणतो असंच पाहिजे. त्याला पहिल्याच दिवशी सांगा, हे काढ, मुकं चित्र दाखव.

तिसरं, हिशोब. फिल्मला सेकंदाला २४ चित्रं धरा. मिनिटाला ६० ठोके घेतले तर २४ चित्रांवर एक ठोका. ८० घेतले तर १८ वर, ९० घेतले तर १६ वर, १२० घेतले तर १२ वर. चित्र कुठं कापलंय ते बघा आणि ठेका निवडा. प्रत्येक कापावर ठोका बसवू नका, तो लग्नाचा व्हिडिओ होतो. डॉकात गोणी उचलताना आम्ही आवाज देतो तो उचलायच्या आधी. ठोका हालचालीच्या आधी पडला तर अंगात जोर येतो, नंतर पडला तर नुसती टाळी होते.

चौथं. माणूस बोलत असताना बासरी, सनई, व्हायोलिनचा वरचा सूर टाकू नका, ते गळ्याशीच भांडतात. खालचा सूर धरा नाहीतर गप्प बसा. आपल्या माणसाला सिनेमात बोलायला मिळायला शंभर वर्षं लागली, त्यावर आपणच पिपाणी वाजवायची?

पाचवं. जिथं शूटिंग कराल तिथली एक मिनिट शांतता रेकॉर्ड करा. फोन विमान-मोडवर, पंखा बंद, माइकवर रुमाल किंवा स्पंज. फिल्मसाठी ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. पावसाळ्यात चामड्याचा सूर उतरतो. तणस पेटवून शेकायचं, ऊब जिरू द्यायची आणि मगच रेकॉर्डिंग. पैसे नाहीत म्हणून रडू नका. 'पथेर पांचाली'चं संगीत रविशंकरांनी एका रात्रीत केलं, आणि उरलेल्या एका जागेसाठी कॅमेरामन सुब्रत मित्रांनीच सतार वाजवली. अमेरिकेत १९७१ साली मेल्विन व्हॅन पीबल्स या काळ्या दिग्दर्शकानं आपल्या सिनेमाचं संगीत स्वतः रचलं, वाजवायला 'अर्थ, विंड अँड फायर' हा तेव्हा नवखा असलेला बँड घेतला आणि सिनेमाच्या आधी रेकॉर्ड बाजारात आणून तीच जाहिरात केली. ब्लॅक पँथरवाल्यांनी तो सिनेमा डोक्यावर घेतला.

सहावं आणि सगळ्यात मोठं, नाव आणि पैसा. चार्ल्स बर्नेट नावाचा दुसरा काळा दिग्दर्शक. खाटीकखान्यात राबणाऱ्या कामगारावर त्यानं 'किलर ऑफ शीप' केला, १९७७ चा. शनिवार-रविवारी शूटिंग, विद्यापीठाची फिल्म. त्यात त्यानं काळ्या लोकांची जुनी रेकॉर्डेड गाणी वापरली. त्या गाण्यांचे हक्क घ्यायला पैसे नव्हते. सिनेमा थिएटरात रीतसर लागायला २००७ साल उजाडलं. तीस वर्षं! आपल्याच लोकांचं गाणं आपल्याच सिनेमाच्या पायात बेडी होऊन बसलं, कारण मालक तिसराच होता. म्हणून दुसऱ्याची रेकॉर्ड उचलू नका. स्वतः रचा, स्वतः रेकॉर्ड करा आणि कागद करा. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर गाणं जिथं जिथं वाजतं तिथल्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराचा बरोबरीचा वाटा, तो निर्मात्याला आंदण लिहून देता येत नाही. सही करायच्या आधी हे वाचा. आणि जो आपण मागतो तोच न्याय आपण द्या. ढोलवाल्याचं पूर्ण नाव, गावासकट, पाटीवर. पैसे त्याच दिवशी, हातात. गाणं गावाचं असेल तर फिल्म आधी गावाला दाखवा, गाव नको म्हणालं तर काढा.

कुणी म्हणेल, एवढ्या लहान लघुपटाला एवढा खटाटोप? डॉकात मला एक कळलं. माल कुणाचाही असो, गोणीत काहीही असो, रोज ठरवतो तो ठेकेदार. सिनेमातही तेच. डोळे तुमचे, अश्रू तुमचे, पण कधी रडायचं हे ठेका धरणारा ठरवतो. इतकी वर्षं तो आपल्याबद्दल ठरवत आला: यांच्याकडे बघून घाबरा, यांच्याकडे बघून हळहळा, यांच्याकडे बघून नाचा. यांच्याकडे बघून विचार करा, असा ठेका त्यानं कधी धरला नाही. धरणारही नाही. तो आपल्यालाच धरावा लागेल.

तर पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं एक मिनिटाचा आवाज आणायचा. चित्र नको. आपल्या वस्तीचा, खाणीचा, वसतिगृहाच्या मेसचा, दवाखान्याच्या रांगेचा. ते सगळे आवाज इथंच, एकत्र बसून ऐकू. मगाशी हसलेल्या पोरांनी दोन आणायचे.

जय भीम.